तळटीप १४ : निळे ब्राँझ
१४. बेळगावातल्या टिळकवाडीच्या जीएसएस महाविद्यालयातील तासाला फळ्यावर आलेले ‘निळे ब्राँझ’ म्हणजे पोटॅशियम-मॉलिब्डेनम ऑक्साइड. त्यात तांबे नाही, कथीलही नाही. नाव धातूसारख्या चकाकीवरून. याच्या स्फटिकात वीज मॉलिब्डेनम-ऑक्सिजनच्या साखळ्यांच्या दिशेने सहज वाहते, आडवी मात्र फार कष्टाने. म्हणून ‘जवळजवळ एकमितीय’. १८० केल्विनखाली (सुमारे उणे ९३ अंश सेल्सिअस) अणू किंचित सरकतात, इलेक्ट्रॉनांची घनता लाटेसारखी कमी-जास्त होते आणि वाहकाचा अर्धवाहक होतो. पुढच्या पानावरचे ‘पायर्ल्स संक्रमण’ ते हेच. रुडॉल्फ पायर्ल्स यांनी ते १९५५च्या ग्रंथात मांडले. बेळगावची थंडी कितीही नावाजलेली असली तरी या प्रयोगाला द्रव नायट्रोजनच लागतो.