‘खोता’, ‘आचे’ आणि ‘एन्ये’ : स्पॅनिश मुळाक्षरांची नावे

रत्नागिरी : माद्रिदच्या हॉटेलात दूरध्वनीवरून खोली राखून ठेवताना रत्नागिरीकर प्रवासी गावाचे स्पेलिंग ‘आर, ए, टी, एन, ए’ असे इंग्रजी पद्धतीने सांगू लागला, तर पलीकडची व्यक्ती प्रत्येक ‘ए’च्या जागी इंग्रजी ‘ई’ लिहून घेण्याची शक्यता असते. स्पॅनिशमध्ये ‘ए’ हे त्याच अक्षराचे नाव आहे. इंग्रजी ‘ई’ उच्चारले, की तेथे ‘आय’ उमटते. नावातील अशा एका अक्षरामुळे आरक्षण आणि पारपत्र यांचा मेळ बसत नाही. म्हणूनच स्पॅनिश शिकताना व्याकरणाआधी मुळाक्षरांची नावे पाठ करणे हिताचे ठरते.

मराठी माणसाला हे काम वाटते तितके अवघड नाही. आ, ए, इ, ओ, उ ही पाच स्वरांची नावे आपल्या स्वरांसारखीच आहेत. ‘ते’ आणि ‘दे’ या नावांतील व्यंजने आपल्या त आणि द यांच्यासारखी दंत्य आहेत. इंग्रजीच्या सवयीने तेथे ट-ड आणू नयेत. बे, से, दे, खे, पे, ते या सहा नावांना शेवटी एकार आहे. एफे, एले, एमे, एने, एन्ये, एर्रे, एसे या सात नावांना दोन्ही टोकांना. एवढे जमले, की 27 पैकी 18 अक्षरे हाती आली.

उरलेली नऊ मात्र घोकावी लागतात : आचे, खोता, का, कू, उबे, दोब्ले उबे, एकिस, ये आणि सेता. स्पेनच्या बऱ्याच भागात ‘सेता’चा उच्चार ‘थेता’ आणि ‘से’चा ‘थे’ होतो.

इंग्रजी ‘जे’चे नाव ‘खोता’. यातील ख घशातून घासत येतो. उर्दूतील ‘खबर’ आठवावी. खोतांच्या या जिल्ह्यात हे नाव विसरले जाण्याची भीती नाही! पोर्तुगीजांकडून आलेला आपला ‘साबण’ स्पॅनिशमध्ये ‘खाबोन’ होतो, तो याच अक्षराने. इंग्रजी ‘जी’ म्हणजे ‘खे’. पुढे इ किंवा ए आल्यास त्याचाही उच्चार असाच घशातला होतो. त्यामुळे ‘एर्रे, आ, ते, एने, आ, खे, इ, एर्रे, इ’ असे अचूक स्पेलिंग दिले, तरी ते वाचणारा स्पॅनिश माणूस ‘रात्नाखिरि’ म्हणणार. गणपतीपुळ्याच्या नावाला फारसा धक्का लागत नाही.

‘आचे’ म्हणजे इंग्रजी ‘एच’. ते लिहिले जाते, पण एकटे असता उच्चारले जात नाही. हापूसची पेटी तेथे ‘आपुस’ म्हणून वाचली जाईल. अर्थात, हापूस हे नाव ज्या ‘अफोन्सो’ या पोर्तुगीज नावावरून आल्याचे मानले जाते, त्यातही ह नव्हताच.

‘बे’ आणि ‘उबे’ यांचा खरा घोटाळा आहे, कारण दोन्ही अक्षरांचा उच्चार एकच, बच्या जवळचा. लॅटिन अमेरिकेत त्यावर ‘गाढवाचा बे, गाईचा बे’ असा तोडगा काढतात; गाढव म्हणजे ‘बुर्रो’ आणि गाय म्हणजे ‘बाका’. आपल्या बालवाडीतील ‘क कमळाचा’ याहून वेगळा नाही. वेंगुर्ल्याचे स्पेलिंग सांगताना गाय आठवावी.

‘एन्ये’ हे इंग्रजी ‘एन’वर नागमोडी रेघ असलेले अक्षर. मध्ययुगात लेखनिक दोन ‘एन’ लिहिण्याऐवजी एकावर खूण करीत, त्यातून ते आले. ही रेघ शोभेची नव्हे : ‘कान्या’ म्हणजे ऊस, तर ‘काना’ म्हणजे पिकलेला केस.

जुन्या पुस्तकांवरून शिकणाऱ्यांना 29 अक्षरे आढळतील. ‘चे’ आणि ‘एल्ये’ ही जोडअक्षरे तेव्हा स्वतंत्र मानली जात. 1994 मध्ये शब्दकोशातील त्यांचे वेगळे स्थान गेले. 2010 मध्ये स्पॅनिश भाषेच्या अकादमींनी प्रसिद्ध केलेल्या शुद्धलेखनाच्या ग्रंथात त्यांना मुळाक्षरांतूनही वगळण्यात आले. त्याच वेळी ‘इ ग्रिएगा’ऐवजी ‘ये’ या नावाची शिफारस झाली. बोलण्यात मात्र जुने नाव अजून ऐकू येते. उच्चार कायम असल्याने चिपळूणकरांच्या च ला काहीच बाधा आलेली नाही; स्पेलिंग सांगताना ‘से, आचे’ म्हणावे लागते, एवढेच.