गादी, वस्त्रं आणि आठ टोकांचा क्रूस

धावड्याहून भोकरदनला जाणाऱ्या एसटीत डबल बेल देणाऱ्या वाहकाला बिल्ला काढायचा तर प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं. ते देणारी आपल्याकडची जुनी, ओळखीची संस्था म्हणजे सेंट जॉन अँब्युलन्स. तिचं चिन्ह आठ टोकांचा पांढरा क्रूस. हाच क्रूस जर्मनीत ऑस्कर प्रिन्स फॉन प्रॉयसेन यांच्या काळ्या झग्यावर असतो. 1959 साली बॉनमध्ये जन्मलेले हे गृहस्थ शेवटचा कैसर दुसरा विल्हेल्म याचे पणतू. 1999 पासून ते योहानिटर ऑर्डरचे, म्हणजे सेंट जॉनच्या सरदारसंघाच्या ब्रांडेनबुर्ग शाखेचे, 'हेरेनमाइस्टर' आहेत; मराठीत प्रमुख म्हणू. त्यांच्या आधी हे पद वडिलांकडे होतं, वडिलांच्या आधी आजोबांकडे. पाहणाऱ्याला वाटावं की ही कैसरच्या होहेन्झोलर्न घराण्याची वडिलोपार्जित गादी आहे आणि राज्य गेलं तरी घराण्याने ती सांभाळून ठेवली. माझं म्हणणं उलट आहे. या घराण्याने ऑर्डरला तगवलं त्यापेक्षा ऑर्डरने या घराण्याला अधिक तगवलं, आणि तेही तिच्या मूळच्या, राजेशाहीशी संबंध नसलेल्या कामाच्या जोरावर.

मूळ शोधायला जेरुसलेमला जावं लागतं. अकराव्या शतकात इटलीतल्या अमाल्फी गावच्या व्यापाऱ्यांनी तिथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा आणि रुग्णालय चालवलं. त्याचा कारभार पाहणारा जेरार्ड राजपुत्र नव्हता. 1113 साली पोप दुसरा पास्काल याने या रुग्णालयाला मान्यता दिली, ती ऑर्डरची जन्मतारीख. पुढच्या प्रमुखाच्या, रेमों द्यु प्युईच्या काळात नियम झाले आणि त्यांत आजाऱ्याला मालक मानून त्याची चाकरी करायची असं ठरलं. तलवार नंतर आली. पण आली ती चांगलीच रुतली. पुढे रोड्स आणि माल्टा ही बेटं या सरदारांच्या ताब्यात होती, युरोपभर जमिनी होत्या, त्या कसणारी कुळं होती. सेवेची कथा सांगताना हा भाग झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तरीही पहिल्या पायरीवर तलवार नाही, रुग्णालय आहे, एवढं कागदावर स्पष्ट दिसतं.

मग राजघराणं शिरलं कुठून? 1382 च्या हाइमबाखच्या करारात ब्रांडेनबुर्गच्या सरदारांना आपला प्रमुख आपण निवडायचा हक्क मिळाला. सोळाव्या शतकात तिथले होहेन्झोलर्न राज्यकर्ते ल्यूथरच्या पंथात गेले. बहुतेक सरदारही गेले, पण ऑर्डर मोडली नाही. राज्यकर्त्यांचा शब्द निवडणुकीत चालायचा, पद मात्र त्यांच्या घरात कायमचं गेलेलं नव्हतं. 1652 मध्ये निवडलेला योहान मोरित्स नासाऊ घराण्याचा, आधी ब्राझीलमधल्या डच वसाहतीचा कारभार केलेला. 1693 नंतर मात्र पद होहेन्झोलर्न राजपुत्रांकडेच जाऊ लागलं. नऊशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात हा निम्मासुद्धा काळ नाही.

इथे मराठी वाचकाला पेशवाई आठवेल, आणि आठवायलाच हवी. पेशवा हे छत्रपतींनी नेमायचं पद. 1713 मध्ये ते बाळाजी विश्वनाथांना मिळालं, 1720 मध्ये दरबारातल्या वडीलधाऱ्यांची कुरकुर असूनही शाहू महाराजांनी ते बाजीरावांना दिलं, आणि पुढे ते भटांच्या घरातच राहिलं. पण वस्त्रं दर वेळी साताऱ्याहून यावी लागत. ब्रांडेनबुर्गच्या सरदारांचं मत म्हणजे ही वस्त्रंच. फरक एवढाच की साताऱ्याच्या वस्त्रांमागचं बळ पुढे पुढे ओसरत गेलं आणि ब्रांडेनबुर्गच्या मतामागचं उलट वाढत गेलं.

ते कसं वाढलं? आक्षेप असा येईल की राजाचा हात डोक्यावर नसता तर ही ऑर्डर केव्हाच इतिहासजमा झाली असती. पण तिला इतिहासजमा करायला निघाला तो राजाच! नेपोलियनशी झालेल्या युद्धाने होहेन्झोलर्नांच्या प्रशियाची तिजोरी रिकामी केली, तेव्हा तिसऱ्या फ्रीडरिश विल्हेल्मने ऑर्डरच्या जमिनी सरकारजमा केल्या आणि 1812 मध्ये तिच्या नावाचं निव्वळ मानचिन्ह काढलं. काम गेलं, पदक उरलं. त्याच्या मुलाने, चौथ्या फ्रीडरिश विल्हेल्मने, 1852 मध्ये ऑर्डर पुन्हा उभी केली तेव्हा बिनकामाचं पदक त्यालाही पुरेसं वाटलं नाही. रुग्णसेवा पुन्हा केंद्रस्थानी आली. आणखी एक बारकावा आहे. राजाने स्वतःच्या भावाला, प्रिन्स कार्लला, थेट नेमलं नाही. जुन्या ऑर्डरचे जे मोजके म्हातारे सरदार हयात होते त्यांच्याकडून 1853 मध्ये त्याची निवड करवून घेतली. हुकूम काढू शकणाऱ्या राजालाही त्या म्हाताऱ्यांचं मत लागलं.

खरी परीक्षा 1918 नंतर झाली. कैसर हॉलंडला गेला, वायमारच्या राज्यघटनेने सरदारांचे विशेष हक्क काढले, आणि 'प्रिन्स' ही पदवी न राहता नुसता नावाचा भाग उरला. आपल्याकडे संस्थानिकांचे तनखे 1971 साली गेले, तशीच ही गोष्ट. वंशाच्या जोरावरच ऑर्डर चालत असती तर ती इथे कोसळायला हवी होती. तिने 1927 मध्ये कैसराच्या पाचव्या मुलाला, ऑस्करला (आजच्या ऑस्करच्या आजोबांना), निवडलं. 1958 मध्ये त्याचा मुलगा विल्हेल्म कार्ल आला. दुसऱ्या महायुद्धानंतर सरदारांचं जुनं पीठ, झोनेनबुर्ग, पोलंडमध्ये गेलं. तरीही ऑर्डर थांबली नाही: 1948 मध्ये सदस्यत्वासाठी खानदानाची अट काढण्यात आली, आणि 1952 मध्ये योहानिटर-उनफाल-हिल्फे ही अपघात-मदत संस्था निघाली. आज जर्मनीत वाहन चालवण्याचा परवाना काढणाऱ्याला प्रथमोपचाराचा वर्ग करावा लागतो आणि असे वर्ग घेणाऱ्यांत योहानिटर आहेत. आपल्याकडची सेंट जॉन अँब्युलन्स त्यांची शाखा नव्हे. ती 1877 च्या इंग्लंडमधल्या संस्थेची लेक, म्हणजे नात्याने चुलत. पण दोन्हीकडे सामान्य माणसाची या क्रूसाशी गाठ पडते ती परवान्याच्या अर्जापाशी, आणि तिथे राजपुत्राचा काही संबंध नसतो.

यावर कोणी म्हणेल, की मग 1948 नंतरही प्रमुख त्याच घराण्यातला का? निवडणूक हा देखावा असेल. हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. आजोबा, वडील, मुलगा अशी रांग लागते तेव्हा मतदाराला पर्याय फारसा दिसत नसणार. नावाचा उपयोगही असतो: देणग्या मिळतात, दारं उघडतात. नाव नसलं तर काय होतं तेही पाहा: आपल्या भोकरदनच्याच मुलखात 1803 मध्ये असईच्या लढाईत शिंद्यांच्या कवायती पायदळाचं नेतृत्व अँथनी पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन करत होता. त्याला नाव नव्हतं, पगार होता, आणि पराभवानंतर तो ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत गेला. नावाने माणूस पदाला बांधला जातो, एवढं श्रेय नावाला द्यावं. पण नाव अपरिहार्य आहे हे मात्र सिद्ध होत नाही. रोममधल्या कॅथलिक भावंडाने, माल्टाच्या ऑर्डरने, 2022 च्या नव्या घटनेत प्रमुखपदासाठीची खानदानाची अट काढली आणि 2023 मध्ये जॉन डनलॅप हा कॅनडाचा वकील निवडला. त्यामुळे तिची रुग्णालयं बंद पडली नाहीत.

ब्रांडेनबुर्गचे नवे सरदार आज हेसेन प्रांतातल्या नीडर-वाइझेल गावच्या चर्चमध्ये दीक्षा घेतात. ती इमारत दुमजली आहे: खाली वेदी, वर पूर्वीचं रुग्णालय, आणि मधल्या कमानींना भोकं, म्हणजे वर खाटेवर पडलेल्यांना खालची प्रार्थना ऐकू यावी. आजाऱ्यांची जागा वर आणि सरदारांची खाली, ही रचना होहेन्झोलर्न आले त्याच्या कित्येक शतकं आधीची.