यजमान प्रोसेसर आणि बीएमसी यांची जोडणी
सर्व्हरच्या मदरबोर्डवर मुख्य म्हणजे यजमान प्रोसेसरखेरीज आणखी एक छोटा संगणक असतो, तो बीएमसी. सर्व्हर बंद असतानाही तो जागा राहतो आणि तापमान, पंखे, वीजपुरवठा सांभाळतो. सर्व्हर-व्यवस्थापनाच्या १९९८ च्या आयपीएमआय मानकातील केसीएस पद्धतीत या दोघांमधला संवाद रजिस्टरमधून एकेका बाइटने सरकतो. ही वाट अरुंद आहे आणि ती तशीच असणे इष्ट. २०१९ मध्ये उघड झालेल्या ‘पँट्सडाउन’ दोषाने याचा पुरावा दिला: एस्पीडच्या एएसटी२४०० व एएसटी२५०० या बीएमसी चिपमधील पुलांमुळे यजमानाला मदरबोर्डवरील एलपीसी बससारख्या मार्गांनी बीएमसीची मेमरी थेट वाचता-लिहिता येत होती.

यजमानावर ज्याचे सर्वाधिकार, त्याच्यापासून लपवायचे काय, असा आक्षेप घेतला जातो. पण भाड्याच्या सर्व्हरवर ग्राहक बदलतो, बीएमसी तोच राहतो. आधीच्या ग्राहकाने बीएमसीच्या फर्मवेअरमध्ये घुसवलेले काही डिस्क पुसून जात नाही. वेगाची तक्रार अधिक रास्त आहे, कारण मोठे फर्मवेअर केसीएसवरून चढवणे फार रेंगाळते. रेडफिश या सर्व्हर-व्यवस्थापनाच्या नव्या मानकातील यजमान जोडणी त्यासाठी बोर्डाच्या आतच, बहुधा यूएसबीवर, नेटवर्क उभे करते. तिथे वेग मिळतोच, शिवाय लॉगिन मागता येते. केसीएसवर ती सोयच नाही.