काळ्या कातळावरचा घाव

पन्हाळ्याचा माथा जांभ्याचा, पण खाली सगळा काळा कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेल्या लाव्ह्याचे हे थर कोल्हापुरापासून बुलढाण्यापर्यंत पसरले आहेत. पौर्णिमेला गच्चीवरून दिसणारे चंद्रावरचे काळसर डाग म्हणजेही बेसाल्टच, फक्त अब्जावधी वर्षे जुना. म्हणून चांद्रविवराची कुळकथा समजून घ्यायची असेल, तर कोल्हापूरकराने बुलढाणा जिल्ह्यातले लोणार गाठावे.

तिथे सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खळगा आहे, तळाशी खारे पाणी. लोककथा सांगते, इथे लोणासुर राहत होता आणि विष्णूने त्याला मारले. गावातले दैत्यसूदनाचे देखणे मंदिर त्याच कथेचे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढे दीर्घकाळ बहुतेक जाणकार याला ज्वालामुखीचे मुख मानत आले. त्यात नवल नाही. भोवतीचा सगळाच दगड लाव्ह्याचा, मग खड्डा दुसऱ्या कशाने पडला असे कोण म्हणेल?

उत्तर तळाखाली सापडले. भारतीय आणि अमेरिकी भूवैज्ञानिकांनी तळात खोल छिद्रे पाडून दगडांचे नमुने काढले. त्यांत मॅस्केलिनाइट होते. बेसाल्टमधले फेल्डस्पार हे खनिज वितळण्याआधीच प्रचंड दाबाखाली काचेसारखे होते, ते हे. ज्वालामुखीत एवढा दाब निर्माण होत नाही. तो अशनीच्या आघातानेच येतो. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी हे ‘सायन्स’मध्ये मांडले आणि वाद मिटला.

आघाताने दगड नुसता फुटत नाही. काठाचे थर वर उचलले जातात, बाहेरच्या बाजूला उलटतात आणि उडालेला चुरा भोवती पसरतो. चंद्रावरच्या लहान विवरांचीही घडण अशीच वाडग्यासारखी. तिथे वारा-पाऊस नाही म्हणून ती टिकतात, इथे पावसाने कडा झिजतात. तरीही बेसाल्टमधले इतके शाबूत विवर पृथ्वीवर दुसरे नाही. लोणारचे वय मात्र अजून वादात आहे: एका पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षे, दुसरीने सुमारे ५,७०,०००.

२०२० मध्ये लोणारला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. पण तिथला काचेसारखा दगड खिशात घालून नेणारे पाहिले की जीव तुटतो. कोल्हापुरातल्या शाळांनी लोणारची सहल जरूर काढावी, आणि दगड जागच्या जागी ठेवून यावेत.