शेवट कोणाचा? 'मास इफेक्ट' आणि पर्यायी अखेरीचा वाद

एखाद्या कथेचा शेवट पटला नाही, तर वाचक काय करतो? बहुधा चरफडतो, चार मित्रांपाशी तक्रार करतो आणि पुस्तक कपाटात ठेवून देतो. क्वचित प्रसंगी मात्र तो लेखकालाही नमवतो. सर आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सचा अंत घडवून आणला. पण वाचकांनी तो मनापासून स्वीकारला नाही आणि दहा वर्षांनंतर डॉयल यांना होम्सला परत आणावे लागले. व्हिडिओ गेमच्या विश्वात असाच प्रसंग २०१२ मध्ये उद्भवला. 'मास इफेक्ट' या विज्ञानकथात्मक मालिकेच्या तिसऱ्या भागाचा शेवट पाहून जगभरातील खेळाडू नाराज झाले आणि त्यांनी आपापल्या परीने नवे शेवट रचायला घेतले. हे पर्यायी शेवट नीट तपासले, तर चांगल्या अखेरीकडून रसिकाची नेमकी अपेक्षा काय असते, यावर चांगला प्रकाश पडतो.

निर्णयांची मालिका

कॅनडातील एडमंटन येथील 'बायोवेअर' या कंपनीने ही मालिका तयार केली. पहिला भाग नोव्हेंबर २००७ मध्ये, दुसरा जानेवारी २०१० मध्ये आणि तिसरा मार्च २०१२ मध्ये बाजारात आला. कथा आहे बाविसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील. मानवाने अंतराळात पाऊल टाकले आहे आणि आकाशगंगेतील अन्य प्रगत जमातींच्या पंक्तीला तो नुकताच बसू लागला आहे. अशा वेळी 'रीपर' नावाच्या महाकाय यंत्रजीवांचे संकट उभे राहते. दर पन्नास हजार वर्षांनी येऊन सर्व प्रगत संस्कृतींचा संहार करायचा, हा त्यांचा क्रम. त्यांना रोखण्याची जबाबदारी कमांडर शेपर्डवर येते. शेपर्ड स्त्री असावी की पुरुष, स्वभावाने कनवाळू असावा की कठोर, हेही खेळाडूच ठरवतो.

या मालिकेचे खरे वैशिष्ट्य होते ते निर्णयांच्या सातत्यात. एका भागात घेतलेल्या निर्णयांची नोंद पुढच्या भागात नेता येत असे. पहिल्या भागात विर्मायर या ग्रहावर दोन सहकाऱ्यांपैकी एकालाच वाचवता येते. ज्याला मागे सोडले, तो सहकारी पुढच्या भागांत खेळाडूला सोबत करायला नसतो. अशा लहानमोठ्या असंख्य निर्णयांतून प्रत्येकाची कथा थोडी वेगळी होत जाई. खेळणारा हा निव्वळ प्रेक्षक न राहता एका अर्थाने सहलेखक बनत असे.

तीन रंगांचा शेवट

तिसऱ्या भागाच्या अखेरीस शेपर्डची गाठ 'कॅटलिस्ट' या कृत्रिम बुद्धिमत्तेशी पडते. लहान मुलाच्या रूपात दिसणारी ही बुद्धिमत्ता रीपरांची सूत्रधार असते. सजीव जमाती यंत्रे घडवतात, यंत्रे निर्मात्यांवर उलटतात आणि हा संघर्ष टाळण्यासाठीच हा संहार आहे, असे ती सांगते. मग शेपर्डपुढे तीन पर्याय ठेवले जातात. पहिला विनाशाचा : रीपर नष्ट होतील, परंतु त्यांच्यासोबत इतर बुद्धिमान यंत्रेही संपतील. दुसरा नियंत्रणाचा : स्वतःचा देह गमावून शेपर्ड रीपरांचा ताबा घेईल. तिसरा संयोगाचा : सजीव आणि यंत्रे यांचा मिलाफ होऊन एक नवीच जीवसृष्टी अस्तित्वात येईल.

यापैकी कोणताही मार्ग निवडला, तरी पुढची दृश्ये जवळपास सारखीच होती. बदलत होता तो मुख्यतः प्रकाशझोताचा रंग : लाल, निळा किंवा हिरवा. शेवट असा 'अ, ब, क' पद्धतीचा नसेल, असे दिग्दर्शक केसी हडसन यांनी खेळ येण्यापूर्वी सांगितले होते. त्यामुळे नाराजीला अधिकच धार आली. काही खेळाडूंनी एकत्र येऊन 'चाइल्ड्स प्ले' या बालरुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेकरिता ८० हजार डॉलरहून अधिक निधी उभारला आणि आपला निषेध विधायक मार्गाने नोंदवला. काहींनी कंपनीला सुमारे चारशे कपकेक पाठवले. वरचे लेपन लाल, निळे आणि हिरवे. आतली चव मात्र सगळ्यांची एकच!

शेपर्डचा मृत्यू होतो, म्हणून खेळाडू रुसले, असे तेव्हा अनेकांना वाटले. वस्तुस्थिती तशी नव्हती. मुख्य आक्षेप तर्कसंगतीचा होता. याच भागात रॅनॉक या ग्रहावर क्वेरियन ही जमात आणि तिनेच घडवलेले गेथ हे यंत्रमानव यांच्यात शेपर्डला तह घडवून आणता येतो. ज्या खेळाडूने तो घडवला, त्यालाच 'सजीव आणि यंत्रे एकत्र नांदू शकत नाहीत' असे ऐकवले जात होते आणि त्याच्या हाती असलेला पुरावा मांडण्याची सोयही नव्हती. दुसरा आक्षेप अंतराळमार्गांविषयीचा. ताऱ्यांना जोडणारे 'मास रिले' शेवटी नष्ट होतात. पण असा एक रिले फुटला, तर संपूर्ण सूर्यमाला बेचिराख होते, हे २०११ मधील 'अरायव्हल' या पुरवणी भागात दाखवून झाले होते. मग जिंकूनही वाचले कोण, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

पर्यायांचे प्रकार

यानंतर पुढे आलेले पर्यायी शेवट ढोबळमानाने चार प्रकारचे होते.

पहिला प्रकार पुनर्अर्थाचा. रीपर आपल्या सान्निध्यात येणाऱ्यांची मने हळूहळू ताब्यात घेतात, हे मालिकेत प्रारंभापासून सांगितलेले आहे. शेवटची घटनामाला प्रत्यक्षात घडतच नाही. ती शेपर्डच्या मनावर ताबा मिळवण्याची रीपरांची धडपड आहे, असा सिद्धांत काही खेळाडूंनी मांडला. शेपर्डला वारंवार पडणारी स्वप्ने आणि विनाशाचा पर्याय निवडल्यावर ढिगाऱ्यात दिसणारा श्वास, ही त्यांची प्रमाणे. कंपनीने या सिद्धांताला कधी अधिकृत मान्यता दिली नाही; तरी त्यातील कल्पकता वाखाणण्याजोगी होती.

दुसरा प्रकार मूळ कारणच बदलण्याचा. मालिकेच्या आरंभीचे प्रमुख लेखक ड्र्यू कार्पिशिन यांनी पुढे सांगितले, की एके काळी 'कृष्ण ऊर्जे'चा विचार झाला होता. विश्वाला गिळू पाहणाऱ्या या ऊर्जेवर उपाय शोधण्यासाठी रीपर संस्कृतींना सामावून घेतात, अशी ती कल्पना. दुसऱ्या भागातील हेस्ट्रम ग्रहाचा अकाली वृद्ध झालेला सूर्य हा तिचाच मागमूस. मात्र ती केवळ कच्ची कल्पना होती, असेही कार्पिशिन यांनी स्पष्ट केले.

तिसरा प्रकार कात्री लावण्याचा. संगणकावर खेळणाऱ्या काही तंत्रकुशल चाहत्यांनी खेळाच्या फायलींमध्ये बदल करून कॅटलिस्टचा प्रसंगच वगळला आणि शेपर्ड जिवंत राहील असा सुखान्त तयार केला.

चौथा प्रकार नकाराचा. तिन्ही पर्याय शत्रूनेच पुढे केलेले असताना ते स्वीकारायचे कशासाठी, असा या खेळाडूंचा सवाल होता.

कंपनीचा प्रतिसाद

मार्च २०१२ मध्येच कंपनीचे सहसंस्थापक रे मुझिका यांनी खुले पत्र लिहून खेळाडूंच्या भावनांची दखल घेतली. २६ जून २०१२ रोजी विस्तारित शेवट विनामूल्य उपलब्ध झाला. तीन मूळ पर्याय त्यात कायम होते. पण सहकाऱ्यांचे आणि जगाचे पुढे काय झाले, हे सांगणारी दृश्ये जोडली गेली. मास रिले समूळ नष्ट न होता दुरुस्त होण्याजोगे राहिले. शिवाय नकाराचा चौथा पर्यायही मिळाला. तो निवडल्यास शेपर्डची पिढी संपते. पण तिने मागे ठेवलेल्या ज्ञानाच्या आधारे पुढच्या आवर्तनातील लोक रीपरांवर मात करतात. मार्च २०१३ मधील 'सिटाडेल' या पुरवणी भागाने सर्व सहकाऱ्यांसोबत एक हसरी मैफल घडवली. अनेक खेळाडू तिलाच मालिकेचा खरा निरोप मानतात.

२०१७ च्या 'अँड्रोमेडा' या पुढील खेळाने तर कथा दुसऱ्याच दीर्घिकेत नेली. त्यातील प्रवासी तिसऱ्या भागातील युद्धापूर्वीच निघालेले असल्याने कोणता शेवट 'खरा', हा प्रश्नच टळला. २०२१ मध्ये तिन्ही भागांची नवी आवृत्ती आली, तीही विस्तारित शेवट कायम ठेवून.

वाचकांच्या दडपणाखाली लेखकाने शेवट बदलावा का, यावर दुमत राहणारच. प्रत्येक तक्रारीपुढे मान तुकवणारा लेखक स्वतःचे काही सांगूच शकणार नाही, हे खरे आहे. तथापि, या प्रकरणातील पर्याय एकत्र ठेवून पाहिले, तर त्यांतील सुखान्ताचा हट्ट थोडा आणि सुसंगतीची मागणी मोठी असल्याचे दिसते. 'तुझ्या निर्णयांना अर्थ आहे' असे सांगत ज्या कथेने खेळाडूला पाच वर्षे सोबत नेले, तिने अखेरच्या दहा मिनिटांतही ते वचन पाळावे, एवढेच त्याचे मागणे होते. शेवट दुःखद असला तरी चालेल. तो त्याच कथेचा असला पाहिजे.