पायरी पायरीने उतरणारा आजार

बाळ मान धरतं, हसतं, बसू लागतं. मग एखाद्या तापानंतर दूध गिळेनासं होतं, धरलेली मान पुन्हा लटकते. आपलं नांदूरघाट असो की मुंबई, बोट आईकडेच वळतं: दृष्ट लागली, हिचंच काही चुकलं.

इंग्लंडमधले डॉक्टर डेनिस ली यांनी १९५१ साली अशाच एका तान्ह्या बाळाच्या मेंदूतले बदल लिहून ठेवले. म्हणून हा ‘ली सिंड्रोम’. कारण पुढे उलगडलं. पेशीपेशीत ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया नावाची चूल असते. तीच नीट पेटत नाही. मेंदूला ऊर्जा फार लागते, म्हणून घाव तिथे बसतो.

आजार बहुधा पहिल्या दोन वर्षांत दिसतो. ताप आला की बाळ एक पायरी खाली येतं, काही काळ तिथेच थांबतं, पुन्हा उतरतं. बसणं, गिळणं, नजर जाते. शेवटी श्वास अडतो. मुळापासून बरं करणारं औषध अजून नाही.

१९६३ साली मायटोकॉन्ड्रियात स्वतंत्र डीएनए सापडला. तो आईकडून येतो, पण या आजारात बहुतेकदा दोष आई-बाप दोघांकडून येतो. १९९८ साली ओळखलेला ‘सर्फ-वन’ जनुकातला दोष तसाच. दोघंही धडधाकट असतात. चूक कुणाचीच नसते.

२०२१च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात मुंबईचं केईएम रुग्णालय विशेष केंद्र आहे. बाळ शिकलेलं विसरू लागलं, तर अंगाऱ्यात दिवस घालवू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि त्या आईला बोल लावू नका, तिच्याजवळ बसा.