सायबर सिक्युरिटीची डिग्री: चार वर्षांत नेमकं काय शिकवतात?

११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत पुण्यात मुख्यालय असलेल्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. कुणीही तिजोरी फोडली नव्हती. बँकेच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर घुसवून, बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. काही रक्कम स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय यंत्रणेतून हाँगकाँगमधल्या खात्यात वळवण्यात आली.

असे हल्ले रोखणाऱ्या तज्ज्ञांची गरज वाढली, तशी इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये ‘सायबर सिक्युरिटी’ हे नाव लावलेली कॉम्प्युटर सायन्सची शाखा दिसू लागली. बारावीनंतर कॅप राउंडचा फॉर्म भरताना ती घ्यावी की साधी कॉम्प्युटर शाखा, हा प्रश्न अनेक घरांत पडतो. निर्णय चार वर्षांचा आणि लाखोंच्या फीचा असतो. म्हणून आधी आत काय आहे ते पाहू.

साध्या कॉम्प्युटर शाखेपेक्षा ही किती वेगळी?

वाटते त्यापेक्षा कमी. पहिल्या दोन वर्षांत दोन्हीकडचे विषय जवळपास सारखेच असतात: गणित, प्रोग्रामिंग, डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, नेटवर्क. सुरक्षेचे खास विषय साधारण तिसऱ्या वर्षापासून सुरू होतात. त्यात क्रिप्टोग्राफी, नेटवर्क सुरक्षा, वेब सुरक्षा, डिजिटल फॉरेन्सिक्स, मालवेअरचा अभ्यास आणि सायबर कायदा हे विषय येतात.

मग सुरुवातीचे विषय कशासाठी?

कारण प्रत्येक हल्ला याच विषयांतल्या एखाद्या कच्च्या दुव्यावर होतो. तीन उदाहरणं पाहा.

- ‘एसक्यूएल इंजेक्शन’: वेबसाइटच्या लॉगिनच्या चौकटीत नावाऐवजी डेटाबेसला कळणारी आज्ञा टाइप केली जाते. वेबसाइटने ती न तपासता पुढे पाठवली, तर डेटाबेस ती पाळतो. डेटाबेसला प्रश्न कसा विचारतात हे माहीत नसेल, तर ही चूक दिसतच नाही.
- ‘बफर ओव्हरफ्लो’: प्रोग्रामने मेमरीत राखलेल्या जागेपेक्षा जास्त माहिती ओतली की ती शेजारच्या जागेत सांडते. तिथे हल्लेखोराला आपला कोड चालवता येतो. हे समजायला सी भाषा आणि मेमरीची रचना यावी लागते.
- पासवर्ड साठवणं: नीट बांधलेली वेबसाइट पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही. त्यापासून गणिताने काढलेला ‘हॅश’ ठेवते. हॅशवरून मूळ पासवर्डकडे उलटं जाणं कठीण का असतं, हे गणिताच्या तासाला कळतं.

कॉसमॉस प्रकरणातही बनावट यंत्रणा बँकेच्या मूळ यंत्रणेला बाजूला ठेवून पैसे काढण्याच्या विनंत्या मंजूर करत होती. अशी लबाडी पकडायला खरा व्यवहार कोणत्या वाटेने जातो, हे आधी ठाऊक असावं लागतं.

हॅकिंग शिकवतात का?

शिकवतात, पण लॅबमध्ये. मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या यंत्रणांवर, बाहेरच्या नेटवर्कपासून तोडलेल्या कॉम्प्युटरवर सराव होतो. काली लिनक्स, वायरशार्क, बर्प सूट ही त्यासाठीची नेहमीची साधनं. मित्राचं इन्स्टाग्राम उघडून दाखवणं हा अभ्यासक्रमाचा भाग नाही. तो कायद्याचा भंग आहे.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलं तर नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. तेच काम अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं, तर कलम ६६ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘फक्त शिकत होतो’ एवढं म्हणून सुटका होईलच असं नाही. व्यावसायिक तपासणीत म्हणूनच लेखी परवानगी आधी घेतात, आणि त्यात कोणती यंत्रणा, कोणत्या तारखांना तपासायची हे नोंदवलेलं असतं.

महाराष्ट्रात कोणते मार्ग आहेत?

- बी.टेक. किंवा बी.ई.: एमएचटी-सीईटी किंवा जेईई मेनच्या गुणांवर कॅप राउंडमधून प्रवेश. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच.
- साधी कॉम्प्युटर शाखा आणि जोडीला सायबर सिक्युरिटीचं ऑनर्स किंवा मायनर: ही सोय असलेल्या कॉलेजांत नेहमीच्या क्रेडिटशिवाय साधारण १८ ते २० क्रेडिटचे विषय जादा करावे लागतात.
- बीसीए किंवा बी.एस्सी. आणि पुढे मास्टर्स: इंजिनिअरिंगला न गेलेल्यांसाठी.
- पदवीनंतरचा डिप्लोमा: १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅकचा आयटी सिस्टीम्स आणि सिक्युरिटीचा पदव्युत्तर डिप्लोमा साधारण सहा महिन्यांचा आहे. त्यासाठी सी-कॅट परीक्षा द्यावी लागते.
- ज्यांना तपासाच्या बाजूला जायचं आहे, त्यांच्यासाठी गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ. त्याचा एक परिसर गोव्यातही आहे.

पुढे काम कोणतं मिळतं?

नव्या पदवीधरांपैकी अनेकांची पहिली नोकरी ‘एसओसी’ म्हणजे सुरक्षा नियंत्रण कक्षात असते. तिथे चोवीस तास इशारे येत राहतात. त्यातला खरा कोणता, खोटा कोणता, हे पाहायचं. रात्रपाळी करावी लागते. त्याशिवाय यंत्रणेची चाचणी, फॉरेन्सिक्स, ऑडिट, सुरक्षित सॉफ्टवेअर बांधणी ही कामं असतात.

कायद्यांमुळेही या कामांना मागणी आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार, ठरावीक प्रकारचे सायबर हल्ले लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावे लागतात आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात दंडाची कमाल रक्कम २५० कोटी रुपये आहे. त्यामुळे नेमका, समजेल असा अहवाल लिहिता येणं हेही या क्षेत्रातलं मोठं कौशल्य आहे.

सर्टिफिकेटांबाबत एक सावधगिरी हवी. सीआयएसएसपी हे नावाजलेलं सर्टिफिकेट पूर्णपणे मिळवायला साधारण ५ वर्षांचा अनुभव लागतो. ‘कॉलेजातच करून देतो’ अशा जाहिरातीवर पैसे भरण्याआधी अटी वाचाव्यात.

कॉलेज निवडताना काय विचारावं?

- तिसऱ्या ते आठव्या सेमिस्टरचा अभ्यासक्रम दाखवा. सुरक्षेचे विषय किती, आणि त्यातले प्रॅक्टिकल किती?
- हे विषय शिकवणारे पूर्णवेळ प्राध्यापक आहेत का?
- सुरक्षेच्या सरावासाठी वेगळी लॅब आहे का?
- मंजूर फी किती? ती शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरही तपासून घ्यावी.

उत्तरं मोघम आली आणि दुसऱ्या चांगल्या कॉलेजात साधी कॉम्प्युटर शाखा मिळत असेल, तर तीच घेणं शहाणपणाचं. पाया पक्का असलेल्या विद्यार्थ्याला सुरक्षेकडे नंतरही वळता येतं. कार्नेगी मेलन विद्यापीठाचं पिको-सीटीएफ आणि पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी ही सरावाची ठिकाणं मोफत आणि कायदेशीर आहेत. प्रवेशाआधीच्या सुट्टीत महिनाभर तिथे कोडी सोडवून पाहिली, तरी या कामात आपलं मन रमतं का, हे फी भरण्याआधीच कळतं.